खूण नसलेला दंश

आधी प्रश्न काय आहे ते थोडक्यात सांगतो. पूर्व विदर्भातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात वर्षभरापूर्वी रुजू झालेल्या डॉक्टर मॅडमनी तो विचारला आहे. ऑगस्टमधली पहाट, साडेचारची वेळ. १४ वर्षांच्या मुलीला पोट दुखतं म्हणून आणलं. ताप नाही, पोट मऊ, एकदा उलटी. ॲसिडिटीचं इंजेक्शन देऊन बाकावर झोपवलं. साडेसहाला पाहतात तर तोंडातून लाळ गळतेय, आवाज नाकातून येतोय, डोळे मिटलेले. दाराशी जमलेल्यांपैकी कुणीतरी म्हणालं, "पोरीनं औषध घेतलं असंल." कीटकनाशकाच्या विषबाधेवरचं ॲट्रोपिन सुरू करून १०८ बोलावली. वाटेत श्वास थांबला. अंबू बॅग, म्हणजे हातानं श्वास द्यायची पिशवी, दाबत मोठ्या रुग्णालयात नेलं, तर तिथं डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या आणि थिजलेल्या. 'मेंदू गेलाय, आशा ठेवू नका' असं बापाला सांगून झालं. रात्री एका निवासी डॉक्टरला शंका आली आणि त्यानं सापाच्या विषावरची लस लावली. तिसऱ्या दिवशी पायाचा अंगठा हलला, नवव्या दिवशी श्वासाची नळी निघाली, मुलगी घरी गेली. अंगावर दाताची खूण कुठंच नव्हती. मॅडम विचारतात: हा दुर्मीळ प्रकार म्हणायचा का, माझं काय चुकलं, आणि यावर केस रिपोर्ट, म्हणजे वैद्यकीय जर्नलसाठी या एका पेशंटचा वृत्तांत, लिहू का?

मॅडम, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. जरूर लिहा. फक्त शीर्षकात 'दुर्मीळ' हा शब्द घालू नका. मण्यार चावल्याची खूण न सापडणं, पहाटे पोटात कळ येणं, बाहुल्या थिजून जिवंत माणूस मेल्यासारखा दिसणं, हे सगळं आपल्याकडे दर पावसाळ्यात घडतं. जिथं घडतं तिथल्या डॉक्टरला ओपीडी, लसीकरण, शवविच्छेदन आणि रोजच्या ऑनलाइन मीटिंगा यांतून लिहायला सवड नसते. मग त्यातला एखादा पेशंट शहरातल्या आयसीयूत पोचला की तिथल्यांना नवल वाटतं आणि ते छापून येतं. 'मेंदूमृत्यूचा आभास निर्माण करणारा मण्यारदंश' या अर्थाच्या मथळ्याचे वृत्तांत भारतातून आणि श्रीलंकेतून गेली पंधरा-वीस वर्षं अधूनमधून येतच आहेत. श्रीलंकेत अनुराधापुरा इथं १९९६ ते १९९८ या काळात मण्यारदंशाचे २१० पेशंट पद्धतशीर पाहिले गेले. बहुतेक जण रात्री जमिनीवर झोपलेले होते आणि जवळपास निम्म्यांना व्हेंटिलेटर लागला. धानाचा मुलूख, मातीची घरं, जमिनीवरची चटई. वाचताना मला भंडारा-गोंदिया आठवत होतं.

राजस्थानच्या वाळवंटात 'पीवणा' नावाचा साप सांगतात. तो म्हणे झोपलेल्याच्या छातीवर बसून त्याचा श्वास पिऊन टाकतो, चावत नाही. हसण्यासारखं वाटतं. पण खूण नाही, सूज नाही, वेदना नाही आणि सकाळी माणूस श्वासावाचून गेलेला, हे बघणाऱ्यानं दुसरं काय म्हणावं? ज्यानं ही गोष्ट रचली त्यानं लक्षणं मात्र आपल्या पाठ्यपुस्तकापेक्षा बारकाईनं पाहिली होती.

आता तुमच्याकडून काय निसटलं ते. तुम्ही पोट तपासलंत. पापण्या तपासल्या नाहीत.

मीही तपासल्या नव्हत्या. नोकरीच्या चौथ्या वर्षी, रोवणीच्या दिवसांत, पहाटे एक पस्तिशीची बाई आली होती. "पोटात लय कळ मारून राह्यली जी, अन् गयात काईतरी अडकल्यासारखं वाटते." मी पोट दाबलं, मऊ लागलं. रॅनिटिडीन आणि डायसायक्लोमिन दिलं आणि जाऊन झोपलो. सात वाजता सिस्टरनं उठवलं तेव्हा बाई निळी पडली होती. त्या रुग्णालयात लस होती, अंबू बॅगही होती, दोन्ही कपाटात कुलूपबंद. 'गयात अडकल्यासारखं' हे वाक्य मी केसपेपरवर लिहून ठेवलं होतं, तेही माझ्याच अक्षरात. पोटदुखी आणि गिळायला त्रास हे दोन्ही एकाच वेळी सांगणाऱ्या माणसाला आपण ॲसिडिटी म्हणून मोकळे होतो, कारण ॲसिडिटीतही छातीत-घशात जळजळ होते. तेव्हापासून एक नियम पाळतो: जून ते ऑक्टोबर, रात्री बारा ते सकाळी आठ, पोटदुखीचा पेशंट आला की पोटाला हात लावण्याआधी तोंडाकडे बघायचं.

बघायचं म्हणजे नेमकं काय, ते सांगतो. पेशंटला खाटेवर बसवा. डोकं स्थिर ठेवून नुसत्या डोळ्यांनी छताकडे बघायला सांगा आणि मनात साठपर्यंत मोजा. सुरुवातीला पापण्या ठीक दिसतात. तीस-चाळीसच्या सुमाराला एखादी पापणी जड दारासारखी खाली येऊ लागते आणि पेशंट नकळत कपाळाला आठ्या घालून ती वर ओढतो. या आठ्यांवर लक्ष ठेवा, मला तर त्या पापणीच्या आधी दिसतात. मग जीभ दातांच्या पुढं काढायला सांगा. उशीवरून मान उचलायला सांगा. एका श्वासात एक, दोन, तीन असं मोजायला लावा. धडधाकट माणूस तिशीच्या पुढं सहज जातो, हा पंधरालाच थांबत असेल तर नळीची तयारी करा. ही सगळी तपासणी तीन मिनिटांची. ती दर अर्ध्या तासानं परत करा आणि प्रत्येक वेळी आकडा घड्याळाच्या वेळेसकट लिहा. ऑक्सिमीटरवर विसंबू नका. तो पडायला लागतो तेव्हा फार उशीर झालेला असतो.

खूण शोधण्यात वेळ घालवू नका. मण्यारीचे दात इतके बारीक असतात की डास चावल्याएवढंही कळत नाही. कानामागं किंवा केसांत दंश असेल तर सापडायचाच नाही. वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी जरूर करा, पण ती नॉर्मल आली म्हणून साप नाही असा अर्थ काढू नका. मण्यारीत ती नॉर्मलच येते. ती घोणस आणि फुरश्यासाठी आहे.

'औषध घेतलं असंल' यावर जरा थांबतो, कारण आपल्या भागातली खरी फसगत इथं होते. विदर्भात औषध म्हटलं की कीटकनाशक. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करता करता शेतकरी-मजूर गेले, तेव्हापासून कापसाच्या पट्ट्यातल्या प्रत्येक डॉक्टरच्या डोक्यात ऑर्गॅनोफॉस्फरस जातीचं कीटकनाशक पहिलं येतं. येऊ दे. पण लाळ दोन प्रकारची असते. औषध घेतलेल्याच्या तोंडात लाळ सुटते. घाम, जुलाब, छातीत घरघर, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, अंगाला वास. मण्यार चावलेल्याला लाळ जास्त सुटत नाही, तर असलेली गिळता येत नाही, म्हणून ती ओघळते. तुमच्या मुलीला घाम नव्हता, छाती कोरडी होती, हे तुम्हीच लिहिलंय. शिवाय 'पोरीनं घेतलं' हा शिक्का तिच्या कपाळी बसला तो वेगळाच. पोलीस पाटील, शाळा, पुढं लग्नाची बोलणी, सगळीकडे तो तिच्यासोबत जाईल. डिस्चार्ज कार्डावर मण्यारदंशाचं निदान स्वच्छ मराठीत लिहून तिच्या आईच्या हाती द्या. हे औषधोपचाराइतकंच जरुरीचं काम समजतो मी.

आणि त्या ॲट्रोपिननं दुसराही एक घोळ केला. बाहुल्या मोठ्या करायला भरपूर ॲट्रोपिन एकटंही पुरेसं आहे. मण्यारीच्या विषानंही बाहुल्या पसरतात आणि थिजतात. तुमच्या केसमध्ये दोन्ही होतं, तेव्हा कशामुळं किती हे सांगता येणार नाही. रिपोर्टमध्ये हे प्रामाणिकपणे लिहा, ॲट्रोपिन एकूण किती आणि किती वाजता गेलं त्यासकट. जर्नलच्या परीक्षकानं हे विचारलं नाही तर त्यानं नीट वाचलंच नाही असं समजा.

मुलगी नऊ दिवस नळीवर का राहिली, लस मिळूनही लगेच का उठली नाही, हे नातेवाईक विचारतातच. तैवानमध्ये चांग आणि ली या दोघांनी १९६३ साली तिकडच्या मण्यारीच्या विषातून बंगारोटॉक्सिन हे विषद्रव्य वेगळं काढलं, तिथून हे कोडं उलगडत गेलं. मज्जातंतूच्या टोकाशी निरोपाचं रसायन साठवलेलं असतं, कोठीत धान ठेवावं तसं. नागाचं विष मुख्यतः पलीकडे, स्नायूच्या दारावर अडसर घालतं. निओस्टिग्मिन दिलं की निरोपाचं रसायन जास्त वेळ टिकतं, रेटा वाढतो आणि अडसर हलतो. पापण्या डोळ्यांदेखत उघडतात. मण्यारीचं बीटा-बंगारोटॉक्सिन अलीकडची कोठीच फोडतं. आधी साठा रिकामा होतो, मग मज्जातंतूचं टोकच निकामी होतं. ते नव्यानं उगवावं लागतं आणि त्याला दिवस लागतात, कधी आठवडे. निओस्टिग्मिनचा इथं फारसा उपयोग नाही. तरी साप पाहिलेला नसेल तर एकदा देऊन बघावं, कारण नागही असू शकतो. तासाभरात फरक नाही पडला तर हट्ट सोडावा.

लस रक्तात फिरणारं विष पकडते, टोकात शिरलेलं बाहेर काढत नाही. आपली लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या 'मोठ्या चार' सापांच्या विषांवरची आहे आणि तिच्या एका मिलिलिटरनं मण्यारीचं ०.४५ मिलिग्रॅम विष निष्प्रभ होतं. सुरुवातीला १० व्हायल. मुलांनाही तेवढ्याच, सापानं पोराला कमी विष टोचलेलं नसतं. लकवा वाढत राहिला तर एक-दोन तासांनी आणखी १०, त्यापुढं मण्यारीत देत बसू नये. मी ६०-७० व्हायल गेलेले पेशंट पाहिलेत. 'पापण्या उघडल्या नाहीत म्हणून' डोस वाढवत नेलेला, आणि तिकडे पुढच्या तालुक्यातला साठा संपलेला. श्रीलंकेतून २०१६ साली आलेल्या अभ्यासात रक्तातलं विष लसीनं संपल्यावरही लकवा पुढं सरकताना दिसला. म्हणजे लस लवकरात लवकर द्या, आणि एकदा दिली की श्वासाकडे वळा. पेशंट वाचतो तो श्वासावर. व्हेंटिलेटर नसेल तर अंबू. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओच्या साथीत वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळीपाळीनं हातानं पिशवी दाबून पेशंट जगवले होते, आठवडेच्या आठवडे. आपल्याकडे मी हे काम पेशंटच्या काकाला, ड्रायव्हरला आणि एकदा तर आशाताईच्या बारावीतल्या मुलाला शिकवलंय. छाती उठली की सोड, मनात तीन मोज, परत दाब.

वेळेचं गणित सांगायला नेपाळचं उदाहरण पुरेसं आहे. पूर्वेकडच्या दमक परिसरात पेशंटला मोटरसायकलवर चालवणारा आणि मागं धरणारा यांच्या मध्ये बसवून तडक दवाखान्यात न्यायची व्यवस्था गावागावांत लावली, जोडीला लोकशिक्षण केलं. सर्पदंशातला मृत्युदर १०.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यांवर आला. हा अभ्यास २०१३ साली छापून आला. आपल्याकडे साप उतरवणाऱ्या पुजाऱ्याकडे जायला तीच मोटरसायकल वापरतात. पुजाऱ्याशी भांडू नका मॅडम, त्याच्या घरी जाऊन चहा प्या आणि पापण्यांची तपासणी त्याला शिकवा. माझ्याकडे गेल्या पाच वर्षांत चार पेशंट पुजाऱ्यानं स्वतः पाठवले. एकाच्या कपाळावर अंगारा आणि हातात चिठ्ठी: 'डोये मिटून राह्यले, लवकर पाहा.'

आता त्या 'मेंदू गेला'बद्दल. तसं बोलणाऱ्या डॉक्टरवर मला राग नाही, बाहुल्या थिजलेल्या पाहिल्या की हात आपोआप गळतात. पण मेंदूमृत्यू ही आपल्याकडे १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानं बांधलेली गोष्ट आहे. चार डॉक्टरांचं मंडळ, सहा तासांच्या अंतरानं दोन तपासण्या, आणि सगळ्यात आधी कारण ठाऊक असणं. स्नायू लुळे करणारं काही शरीरात असेल, मग ते भुलीचं औषध असो की विष, तर तपासणी सुरूच करायची नाही. बाहुली हलवायलाही स्नायू लागतो आणि तोच बांधला गेलेला असतो. मेंदू आत जागा असतो, ऐकत असतो. अशा वेळी चिमटा काढल्यावर मॉनिटरवर नाडी चढते का ते बघा. पापणी बोटानं वर उचला, तुमचा चेहरा समोर आणा आणि म्हणा, "बाई, पायाचा अंगठा हलव." हातापायाची टोकं बऱ्याचदा शेवटी बांधली जातात आणि लवकर सुटतात. तुमच्या मुलीचाही अंगठाच आधी हलला. झोपेचं औषध सुरू ठेवा, नाहीतर जागेपणी नळी सोसणं भयंकर आहे. आणि खाटेशेजारी जपून बोला. अकरा दिवसांनी नळी निघालेला एक गडी मला म्हणाला होता, "सायेब, तुमच्या त्या सिस्टर बाई म्हनत होत्या का याचं काई खरं नाई. मले समदं ऐकू येत होतं." सिस्टर बाजूलाच उभ्या होत्या.

नवं काय चाललंय, हेही तुम्ही ओझरतं विचारलंय. थोडक्यात सांगतो. व्हॅरेस्प्लॅडिब नावाची गोळी बीटा-बंगारोटॉक्सिनच्या जातीच्या विषद्रव्यांना अडवते. तिची भारत आणि अमेरिकेत चाचणी झाली आणि २०२४ साली निकाल आला. मुख्य निकषावर फरक सिद्ध झाला नाही. लवकर गोळी मिळालेल्यांत फायद्याची चिन्हं दिसली. मे २०२५ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी, स्वतःला वर्षानुवर्षं सर्पविष टोचून घेतलेल्या एका माणसाच्या रक्तातून मिळवलेली दोन प्रतिपिंडं आणि हीच गोळी असं मिश्रण उंदरांवर वापरलं. नाग-मण्यार कुळातल्या १९ सापांपैकी १३ जणांच्या विषापासून पूर्ण संरक्षण मिळालं. चांगलं आहे, पण ते उंदीर होते. मला जास्त महत्त्वाचं वाटलं ते बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या कार्तिक सुनगर यांच्या गटाचं २०१९ चं काम: 'मोठ्या चार' सापांपलीकडच्या सापांच्या, त्यात सिंद मण्यारीच्याही, विषावर आपली लस तोकडी पडते. पूर्व विदर्भात पट्टेरी मण्यारही आहे. म्हणून लस देऊन गुण येत नसेल तर सापाच्या जातीचा विचार मनात ठेवा आणि नोंदवा.

रिपोर्ट लिहिताना एवढं करा. साप कुणी पाहिला नाही, तेव्हा 'मण्यारदंश' असं ठाम लिहू नका, 'लक्षणांवरून बहुधा' असं लिहा. कुणी सापाचा फोटो आणला असता तरी सांभाळूनच. बिनविषारी कवड्या सापाला मण्यार समजून मारणं घरोघरी चालतं. कवड्याचे पट्टे मानेकडे ठळक असतात आणि शेपटीकडे विरतात, मण्यारीचं उलट. केस रिपोर्टसाठी २०१३ पासून 'केअर' नावाची मार्गदर्शक यादी आहे, ती समोर ठेवा. गावाचं नाव, तारीख, चेहरा नको. आईवडिलांची लेखी संमती घ्या आणि १४ वर्षांच्या मुलीलाही विचारा. पैसे भरा आणि आठवड्यात छापतो म्हणणाऱ्या जर्नलांच्या ईमेल उघडूही नका. तुमच्या केसचं मोल तासांच्या नोंदीत आहे: साडेचारला काय होतं, साडेसहाला काय, बाहुल्या कधी थिजल्या, प्रकाशाला पहिल्यांदा कधी हलल्या. मोठ्या रुग्णालयातून छापलेल्या वृत्तांतांत पहिले तीन तास जवळपास कोरे असतात, कारण तेव्हा पेशंट तुमच्या बाकावर असतो. ॲसिडिटीचं इंजेक्शनही लिहा. ते गाळलंत तर रिपोर्ट माझ्याकडे पाठवू नका.

शिवाय हा पेशंट सर्पदंशाच्या रजिस्टरमध्ये आला का ते तपासा. तो 'विषबाधा, अज्ञात' मध्ये गेला असण्याची भीती आहे. २००० ते २०१९ या वीस वर्षांत देशात सर्पदंशानं सुमारे १२ लाख मृत्यू झाले, वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज घरोघरच्या मृत्यूंच्या पाहणीवरून काढावा लागला, कारण रुग्णालयांच्या आकड्यांत ते दिसतच नाहीत. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रानं राज्यांना सर्पदंशाची नोंद सक्तीची करायला सांगितलं, तेही याचसाठी.

मुलीला महिन्यानं परत बोलवा. संध्याकाळी डोळे जड होतात का, फळ्यावरची अक्षरं दोन-दोन दिसतात का, विचारा. आणि घरी एकदा स्वतः जाऊन या. ती कुठं झोपते, धानाचे कट्टे तिच्या चटईपासून किती हातांवर आहेत, उंदीर आहेत का. हिवतापाच्या कार्यक्रमातली मच्छरदाणी मिळाली असेल तर ती कुठं आहे तेही बघा. परवा एका घरी ती मी भाजीच्या वाफ्यावर पाहिली. आग्नेय नेपाळमधल्या २००७ च्या अभ्यासात मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना रात्रीचा सर्पदंश कितीतरी कमी झालेला दिसला. अट एकच, तिची कड अंथरुणाखाली चारही बाजूंनी खोचलेली हवी. ती कशी खोचायची ते मुलीच्या आईसमोर तुम्ही गुडघ्यावर बसून करून दाखवा.